चंदगडच्या यादीतलं नाव

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. बेळगावातल्या वडगावच्या एका बोळात राजेश्वरी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आहे. पाय पावडी दाबतो, हात दोरी ओढतो, धोटा इकडून तिकडं जातो. शेजारच्या मागावर सासरे तम्मण्णा. गल्ली त्यांना आप्पा म्हणते, तीही. खड्ड्याच्या भिंतीवर ओलीची रेघ आहे. दर पावसाळ्यात गटाराचं पाणी तिथवर चढतं आणि माग आठ-आठ दिवस थांबतो.

यंदा वॉर्ड बाईसाठी राखीव पडला, तेव्हा राजेश्वरीनं महापालिकेला उभं राहायचं ठरवलं. उमेदवार भारताचा नागरिक असावा लागतो, ती आहे. शहराच्या मतदारयादीत नाव लागतं, ते नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, नाव अजून माहेरी, चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात.

ते आप्पांनीच हलवू दिलं नव्हतं. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून तरुणपणी ते मोर्च्यांत चालले. बेळगाव गेलं नाही, सुनेचं नाव तेवढं तिकडं होतं. दर मतदानाला ते तिला चंदगडच्या गाडीत बसवायला स्टँडवर जात. संध्याकाळी ती परतली की तिला बोट उजेडात धरायला लावत, शाई पाहत आणि मागावर बसत.

त्या गाडीचं स्वप्न राजेश्वरीला अजून पडतं. वळणावर धुकं असतं. हद्दीची पाटी येते, जाते, पुन्हा येते. गाडीत ती एकटी. कंडक्टर तिकीट मागत नाही, फक्त नाव विचारतो आणि वहीची पानं उलटत राहतो. धोट्याच्या ठेक्यात कधी कधी जागेपणीही ती पानं ऐकू येतात.

यादीचं काम पाहणाऱ्या सुविधा टीचर काल सांगून गेल्या होत्या, "बुधवार शेवटचा. त्याच दिवशी मी शाळेत फॉर्म घेणार, आणून दे. हितं नाव लागलं की तिकडचं निघणार."

सही केलेला फॉर्म आता कोनाड्यात आहे.

"घरातलं एक नाव तिकडं गेलंय," आप्पा म्हणाले, "त्येबी परत आणतीस?"

"व्हय."

"निवडून आलीस तर महाराष्ट्राचा ठराव मांडशील का न्हाय?"

"आधी गटार, आप्पा. मग तुमचा ठराव. निदान भिजायचा तरी न्हाय."

आप्पांनी आणखी वीतभर कापड विणलं. मग दोरी सोडून त्यांनी विचारलं, "शाळा कितीला उघडती?"

"धाला."

"स्टँडवर मीच सोडाय येत हुतो न्हवं? शाळंतबी येतो. मोर्च्यातल्या त्या परशरामला सांगू नगंस. चौकात बसून वरीसभर चिडवंल."

उद्या बुधवार. दोन्ही माग सहाला सुरू होतील आणि पावणेदहाला थांबतील.