दारामागचं चित्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलांना नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी ख्याती आहे, बरं का. एवढं एक मात्र चाळीस वर्षं राहिलं.

आमच्या नेरूळच्या घरात, दाराच्या मागच्या भिंतीवर एक चित्र आहे. मिठागराच्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई. पाटीच्या सावलीत तोंड नीट दिसत नाही. पाय मात्र दिसतात — भेगाळलेले, मिठाने पांढरे पडलेले. घरात सगळे त्याला ‘आजीचं चित्र’ म्हणतात. नातीने तर ते आत्तापासून मागून ठेवलंय. का? तर त्यात आजी आहे.

आता मी त्यात कशी शिरले, ते ऐका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कॉलनी नवी, निम्मे फ्लॅट रिकामे. मी दादरची — आणि हे दिवसातून दोनदा कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला जेवण जात नसे. वरच्या मजल्यावर चित्रकला शिकवणारे एक सर राहायचे. शेजारच्या शिरवणे गावची यमुनाबाई आमच्या बिल्डिंगमध्ये मीठ विकायला यायची. तिला बांधावर उभी करून सरांनी हे चित्र काढलं आणि बदली झाली तेव्हा जाताना मला देऊन गेले.

त्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. एकीने विचारलं, ही कोण हो? मी म्हटलं, ओळखा पाहू. ती म्हणाली, अय्या, तुम्ही?

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी लाजले. लाजले, बघा! मग काय, सुटलेच — सरांनी किती आग्रह केला, नऊवारी नेसून मी उन्हात कशी तासभर उभी राहिले. डोक्यावर रिकामी कळशी दिली तरी दोन्ही हातांनी धरून भिंत शोधणारी बाई मी! कुणीतरी पायांकडे बोट दाखवलं, तर सरांना पाय जमत नाहीत, असंही सांगून मोकळी झाले.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात यमुनाबाई. आज पाटी नव्हती. धुवट लुगडं, केसांत अबोली. इतक्या दिवसांत ती कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती — मी तरी कुठे बोलावलं होतं?

“बाय, सरांनी माजा चितर काढलाय, तो तुज्याकं हाय ना? मना जरा बगाचाय.”

तिचा साधा फोटोही कधी कुणी काढलेला नव्हता. हे तिनेच मला एकदा मीठ मापताना सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं — हे लक्षात ठेवा. मी दार अर्धंच उघडलं होतं. आत बायका तिळगूळ खात होत्या. चित्र दाराच्या मागे.

“ते मुंबईला गेलंय,” मी हळूच म्हटलं. “प्रदर्शनात.”

“ममईला?” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

पुढे मीठ घेऊन आली की विचारायची, आला का चितर? मी म्हणायचे, अजून नाही. मग तिचा आवाज आला की मीच खाली जिन्यात जाऊन मीठ घ्यायला लागले. मग तिने विचारणं सोडलं.

तीन-चार वर्षांनी तीच पाटी घेऊन तिची सून दारात आली. सासू गेली म्हणाली. माप भरता भरता म्हणाली, “मरंपरत सगल्या गावाला सांगं — माजा चितर ममईला गेलाय.”

तेव्हा आत बायका नव्हत्या. घरात मी एकटीच होते. चित्र हातभर अंतरावर होतं.

मी मीठ घेतलं आणि दार लावलं.