लाल तोटीचा पंप

शिंपीमास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे. बाईंना ते आवडे. त्याहून आवडे ती आपल्या अंगणातल्या हातपंपापुढची बायकांची रांग. पंप हलका, पाणी गार. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं कुठे बिनसलं, हे त्यांना दारातल्या पायरीवर बसून कळे. कुंपणापलीकडे धाकट्या जावेचा पंप होता. तो फार खोल नेलेला, दांडा मारताना खांदे भरून येत, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. बाईंना धाकटीची कीव येई, आणि कीव करायला फार बरं वाटे.

मग पाणी तपासणारी मुलगी बाटल्या भरून घेऊन गेली आणि परत आली ती रंगाचे डबे घेऊन. बाईंच्या पंपाची तोटी तिने लाल रंगवली, जावेची हिरवी.

"काकू, यात आर्सेनिक आहे. विष असतं ते, जमिनीतूनच येतं. धुण्याभांड्याला वापरा, प्यायला आणि स्वयंपाकाला नको."

"इतकी वर्षं पितोय आम्ही. मेलं का कोणी?"

"हळूहळू भिनतं ते. शेजारून घ्या ना, तिथलं चांगलं आहे."

शेजारून म्हणे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रांग दुसऱ्याच दिवशी पलीकडे गेली. ज्यांचे खांदे दुखायचे त्याच बायका आता हसतखिदळत आळीपाळीने दांडा मारत होत्या, आणि धाकटी मधोमध उभी. हिनंच त्या मुलीला चहा पाजून हिरवा रंग मारून घेतला असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं. धाकटीने कुंपणावरून विचारलं, "जाऊबाई, तुमची कळशी द्या, भरून ठेवते." बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जळफळाट म्हणतात तो हाच, पण त्या त्याला स्वाभिमान म्हणत.

शिवाय त्यांच्याकडे उपाय होता. पाणी उकळलं की शुद्ध होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लाल तोटीचं पाणी पातेल्यात घ्यायचं आणि निम्मं होईपर्यंत आटवायचं. जितकं आटेल तितकं चांगलं. मास्तरांना त्या दुसरं पाणी देतच नसत.

मास्तरांच्या तळहातांवर आधीपासून टणक ठिपके होते. ते वाढत गेले. रेशमी कापड हातात घेतलं की धागे ओढले जाऊ लागले. "रेशमी काम आता घ्यायला नको," ते एकदा म्हणाले आणि दुपारभर मशीन झाकून बसले.

काही महिन्यांनी ती मुलगी फेरीवर आली. तिने मास्तरांचे हात पाहिले, मग शेगडीवरचं पातेलं.

"हे कुठलं पाणी?"

"आमचंच. चांगलं आटवून देते," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

"काकू, उकळून जंतू मरतात. हे जंतू नाहीत. मिठाचं पाणी आटवलं तर मीठ उडून जातं का?"

जन्म स्वयंपाकघरात गेलेल्या बाईंना आणखी सांगावं लागलं नाही. वाफ गेली होती, बाकी सगळं मास्तरांच्या पेल्यात राहिलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी हळूच दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवले.

"डॉक्टरांना दाखवा. आणि पाणी आजच बदला," मुलगी म्हणाली.

बाई कळशी घेऊन निघाल्या. कुंपणापलीकडच्या रांगेत सगळ्यात मागे उभ्या राहिल्या. धाकटीने एखादा टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. पण ती पुढे आली, कळशी तोटीखाली ठेवली आणि म्हणाली, "सोडा, दांडा जड आहे. मी मारते." त्या क्षणी बाईंना तिचा जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नव्हता.

घरी त्यांनी पेला भरून मास्तरांपुढे धरला. मास्तर सावकाश प्यायले.

"पाणी गोड आहे गं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या पंपाच्या पाण्याला ते असं कधी म्हणाले नव्हते.

"आणखी घ्या," त्या म्हणाल्या आणि पेला पुन्हा काठोकाठ भरला.