दानीएलचा तेरावा अध्याय

माझे बाबा, इनास मिस्त्री, सुतार होते, आणि माणसाकडेही फळी वाकडी आहे का ते पाहावं तसंच पाहत. सातपाटीच्या कोळणीनं बोंबील ताजे म्हटले की दोनदा वास घेणार. मला वाचता येई, पण मी ओळी गाळते असा त्यांचा संशय. तो खराच होता.

पासष्ट साली अणुशक्ती केंद्राच्या बांधकामावर आम्ही वसईहून बोईसरच्या चाळीत आलो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात रोज बायबलातला कोणता उतारा वाचायचा, याची चिठ्ठी फादरांनी दिली होती. ते स्वतः पंधरा दिवसांनी एकदा येत. चाळीत मराठी बायबल एकच, पुष्पलताबाईंचं. त्या नगरकडच्या, आमच्यासारख्या कॅथलिक नव्हे तर प्रोटेस्टंट, चाळीची बालवाडी चालवत. संध्याकाळी त्या वाचत आणि निरक्षर बाबा शेजारी बसून पानावर नजर ठेवत. केरळचा वेल्डर कुरियन, तोही कॅथलिक, येई. त्याच्या लोकांचा उपास आमच्या दोन दिवस आधी सुरू झाला, हेही बाबांना खटकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी चिठ्ठीत दानीएलचा तेरावा अध्याय होता. बाई म्हणाल्या, "दानीएलचे अध्याय बाराच आहेत."

"हमारे बायबल में तो है," कुरियन म्हणाला.

बाबांनी पुस्तक ओढून शिवणीवर बोट फिरवलं. "पान फाडलंय तुमी. काय लपवायचं हाय?"

बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना कळलं. देवाचं पान फाडणारीकडे लेकरं कोण पाठवणार? अकरा मुलांची तीन झाली. महिनाअखेर पाच नसली तर बालवाडी बंद, बाईंची नोकरी खलास. मला बाबांचा राग आला. पण चोरून ती शिवण मीही बघितली होती.

पुढच्या रविवारी मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, झाल्यावर बाबांनी फादरांना गाठलं. फादर म्हणाले, "प्रोटेस्टंटांच्या बायबलात तो अध्याय नसतोच, इनास. छापतच नाहीत." मग त्यांनी त्यातली गोष्ट सांगितली. सुसान्ना नावाच्या बाईवर दोन वडीलधारे खोटा आळ घेतात, आणि साक्षीदार दोन म्हणून लोक ते खरं मानतात.

बाबांचं तोंड उतरलं. तडक पुष्पलताबाईंच्या दारात उभं राहून, चाळीला ऐकू जाईल अशी त्यांनी ती गोष्ट सांगितली. "त्या दोघांतला एक मी," म्हणाले.

बाईंनी विचारलं, "पुढं काय झालं त्या दोघांचं?"

"दानीएलनं खोटं पकडलं, मग लोकांनी जिवे मारलं."

"एवढं नको. उद्या मुलं आणून सोडा."

सोमवारी बाबा दारोदार फिरले, माफी मागून आठही मुलं घेऊन आले. संध्याकाळी बाई वाचायला बसल्या, तेव्हा ते डोळे मिटून बसले. पानावर नजर मी ठेवली. बाईंनी एकही ओळ गाळली नाही.