पालकाचा धंदा : डुबी

मुलीच्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी जात पडताळणीचे कागद लागत होते, म्हणून मी बाळकुमला माझ्या वडिलांच्या जुन्या शाळेत गेलेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटातून फाटकं रजिस्टर काढलं आणि वडिलांची नोंद सापडेपर्यंत माझ्याबरोबर बसल्या. जात, जन्मगाव, सगळं होतं. ‘पालकाचा धंदा’ या रकान्यात मात्र एकच शब्द होता : डुबी.

“डबी असेल का?” बाई म्हणाल्या. “डब्या बनवायचे?”

घरात आम्हाला एवढंच माहीत होतं की आजोबा रेतीच्या धंद्यात होते. म्हणजे दोन-चार ट्रक असतील, असं मी धरून चाललेले. सासरीही तसंच सांगितलेलं.

तिथून मी थेट कळव्याला आत्याकडे गेले. वडिलांची ही मोठी बहीण आता ऐंशीच्या पुढची आहे. सुपात जवळा निवडत बसलेली. मी तो शब्द वाचून दाखवला. तिचा हात थांबला.

“खाडीन डुबी मारून रेती काढायचा तुजा आजा,” ती म्हणाली. “होडीच्या बाजूला बांबू रोवायचा. तो धरून तळाला जायाचं, बादली भरायची, दोरी हलवायची. वरचा मानूस खेचनार. मंग दम घ्यायचा नि परत खाली. दिवसभर तेच.”

आजोबा मला आठवतात ते ठार बहिरे. कानांत कापसाचे बोळे, त्यातून येणारा पू, त्याचा वास. आई त्यांच्याशी ओरडून बोलायची, वडील चिडायचे. आठ वर्षांची असताना मी त्यांच्या शेजारी जेवायला बसायचं नाही म्हणून हट्ट धरला. ते ताट उचलून ओट्यावर गेले आणि पुढे कायम तिथेच जेवले. कोणी त्यांना आत बोलावलं नाही. मी आत्याला म्हटलं, आम्हाला वाटायचं म्हातारपणामुळे कान गेले.

“म्हातारपन कसला? तिशीतच गेले. पानी दाबतं ना खाली.” ती पुन्हा जवळा निवडू लागली. “माजा काका पन त्याच होडीवर व्हता. एक दिवस तो खाली गेला नि दोरी हललीच नाय. बा चार टायमाला खाली गेला त्याला बघाया. पाचव्या टायमाला घेऊन आला. पाय गाळान रुतलेला.”

“मग?”

“मंग काय. तेरावं झालं, नि बा परत कामाला गेला. त्याच जागेवर.”

“बाबांनी कधी सांगितलं नाही.”

“तो कसा सांगंल? शाळेन पोरं डुब्या डुब्या करून चिडवायची त्याला. नोकरीला लागला तवा फॉर्मवर त्यानं शेती लिवलं. बानं विचारलं, काय लिवलंस रे? यानं कागद घडी करून खिशात टाकला. बाला वाचाया कुठं येत व्हतं.”

पडताळणीच्या दिवशी साहेबांनी नेमकं तेच काढलं. शाळेत डुबी, नोकरीच्या कागदात शेती, खरं काय? मुलगी शेजारी बसलेली. मी म्हणाले, “शेती खोटं आहे. आजोबा खाडीत बुड्या मारून रेती काढायचे. वडिलांना ते लिहायची लाज वाटली.”

“धंद्याचं राहू द्या. जात दोन्हीकडे एकच आहे,” म्हणत त्यांनी पान उलटलं.

सर्टिफिकेट महिन्याभरात मिळालं. पडताळणीच्या दिवशी बाहेर पडल्यावर मात्र मी मुलीला आत्याने सांगितलेलं सगळं सांगितलं, खाडीत गेलेल्या काकांचंही. मग तिने विचारलं, “जे बुडाले, त्यांचं नाव काय होतं?”

मी विचारलंच नव्हतं. घरी येऊन आत्याला फोन लावला. तिने खूप आठवून पाहिलं.

“लहान व्हतो गं आमी,” ती शेवटी म्हणाली. “नुसतं काकाच म्हनायचो.”