एकच औषध, दोन नावं

फरशी बसवणाऱ्या नवऱ्याच्या मांड्या महिनाभर ठणकत होत्या. "कामाने दुखतात गं," म्हणून तो बायकोला उडवून लावायचा. शेवटी वैतागून तिने त्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत कोंबल्या आणि त्याला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"नावं वेगळी, पण या दोन्ही कोलेस्टेरॉलच्या एकाच औषधाच्या गोळ्या. दुप्पट डोस जातोय, त्यानेच स्नायू दुखत असणार!" डॉक्टर म्हणाले.

"एक आधीच्या डॉक्टरांची आहे," तो पुटपुटला.

"मग सांगायला तोंड शिवलं होतं का?" बायको कडाडली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या थांबवल्या आणि दुखणं ओसरल्यावर एकच पुन्हा सुरू केली.

"आता बरं वाटतंय, तर गोळी कशाला?" घरी येताच स्वारी म्हणाली.

तिने कपाळावर हात मारला आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे आदळला. "गिळा आधी!"