नानांकडची चावी

रविवार, ९ तारीख.
आठ महिने या ब्लॉगवर काही लिहिलं नाही. माफ करा.

मी नानांना खोटी चावी दिली होती.
ते आज पहाटे साक्रीत वारले. आता हे सांगायला तुम्हीच उरलात.

नव्वदच्या दशकाची अखेर. साक्रीच्या बस स्टँडसमोर नानांचा एसटीडी बूथ. मी नुकतीच बीएस्सी झालेली, दुपारी तिथे कॉम्प्युटरवर बसायचे.

ईमेलचा प्रोग्राम जुनाट होता. सगळ्या गावाचा मिळून एकच इनबॉक्स. नाना आलेला प्रत्येक मेल छापायचे आणि दोरीवर चिमट्याने लावायचे. ज्याचा त्याने काढून न्यायचा.

तोवर बठ्ठं गाव, अगदी सगळं, वाचायचं.

"पुण्याला अर्ज केला म्हणे?" हे मला भाजीवालीने विचारलं. घरी मी अजून बोललेही नव्हते.

वर तो प्रोग्राम आलेली कुठलीही फाईल आपणहून उघडायचा. एकदा व्हायरस शिरला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला धुळ्याला गेला.

मग मी हट्टाने नवा प्रोग्राम टाकला. मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यावरून. प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. दोरी मी स्वतः सोडली.

आठवड्याभरात लोकांनी काय केलं, तर आपापले पासवर्ड चिठ्ठीवर लिहून नानांकडे आणून दिले. नानांनी त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.

"नाना, मग पासवर्डचा उपयोग काय?"
"तू गावले जास तवय शेजारीनजोडे चावी ठेवस ना?"
"ठेवते."
"मंग कुलूप कसाले लावस?"

शेजारणीकडे चावी ठेवूनही कुलूप मी लावतच होते. मीही चिठ्ठी दिली.
दुसऱ्या दिवशी नाना चहाला गेले असताना पासवर्ड बदलला. चिठ्ठी डब्यात तशीच.

नोकरीचं पत्र आलं. घरी फक्त आदल्या दिवशी सांगितलं आणि मी पुण्याला निघाले.

आबा, म्हणजे माझे वडील, वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आबा आणि नाना शाळेपासूनचे मित्र. रोज संध्याकाळी बूथवर दोघांचा चहा. तोही त्याच सुमारास बंद झाला.

खरं सांगते, मला नानांचाच संशय यायचा. डबा त्यांच्याकडे होता. त्यांनीच आबांना काही दाखवलं असेल, असं किती वर्षं वाटत होतं.

आज सकाळी आबांचा फोन आला.

"नाना गेला," म्हणाले. मग तेच पुढे बोलू लागले.

"तू जायच्या आधी मी त्याला म्हटलं होतं, काढ ती चिठ्ठी. पोरीचं काय चाललंय ते दाखव. तो म्हणे, भाऊ, चावी मन्हाजोडे शे, पन घर मन्हं नही. मी त्याला नको ते बोललो. पुन्हा त्याची पायरी चढलो नाही."

"आबा..."

"पंचवीस वर्षं, पोरी. समोरून जायचो, तो हात करायचा."

त्या चावीने ते कुलूप उघडणारच नव्हतं, हे आबांना सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

नानांना ते माहीत नव्हतं. एकदा जरी लावून पाहिली असती, तर भेटल्यावर हसून म्हणाले असते, "पोरी, तुन्ही चावी लागस नही."
कधीच म्हणाले नाहीत.

पासवर्ड बदलला, ते चुकलं असं आजही वाटत नाही. पुन्हा बदलेन. पण चिठ्ठी परत मागायला हवी होती. त्या निकामी कागदापायी त्यांनी सख्खा मित्र घालवला.

नाना, माझं घर तुम्ही राखलंत. संशय मी घेतला. नमस्कार करते.

उद्या: साक्रीला निघताना घराची चावी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे द्यायची.