एझ्रा आजोबांनी सांभाळलेली पोरं

व्हर्लिन क्रॅबट्रीने जन्मभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तो दिवसभर घरात घुटमळायला लागला, तशी बायको ग्लेंडा वैतागली. "पासष्टीच्या पुढच्यांना कॉलेजात फी नसते म्हणे. जा की! माझं स्वयंपाकघर तरी मोकळं होईल."

ओक्लाहोमाच्या पूर्वेकडच्या त्या गावात दोन वर्षांचं एक छोटं कॉलेज होतं. व्हर्लिनने अमेरिकेचा इतिहास घेतला. पहिल्याच बाकावर बसायचा आणि हात सतत वर.

"मिस्टर व्हर्लिन, यादवी युद्धात तुम्ही कुठल्या बाजूनं होतात?" मागून पोरं विचारायची.

"दोन्ही. जिकडे जेवण चांगलं, तिकडे," तो म्हणायचा आणि वर्ग हसायचा.

शेजारी रेथा याहोला बसायची. क्रीक या मूळ अमेरिकन जमातीची, चाळिशीतली बाई. शिकत होती नर्सिंग, इतिहास सक्तीचा म्हणून आलेली. सकाळी धावतपळत, उपाशीच यायची. व्हर्लिन तिच्यासाठी ग्लेंडाच्या हातची गरम बिस्किटं, म्हणजे लोण्याचे मऊ पाव, आणायला लागला. ती खाता खाता त्याच्याकडून तारखा पाठ करून घ्यायची.

इतिहास शिकवणाऱ्या सटनबाईंनी सुरुवातीलाच सगळ्यांना आपापल्या घरातली एक जुनी गोष्ट सांगायला लावली. व्हर्लिन तयारच होता. त्याचे आजोबा एझ्रा. शंभर वर्षांपूर्वी कोर्टाने त्यांना तीन अनाथ क्रीक पोरांचे पालक म्हणून नेमलं. त्या पोरांच्या जमिनीत तेल लागलेलं. आजोबांनी जमीनही सांभाळली आणि पोरंही. "आमच्या घरात सगळ्यांना जागा होती," असं म्हणून तो खाली बसला. टाळ्या पडल्या. बाई थोडं थांबून म्हणाल्या, "हा विषय पुढे येणार आहे आपल्याला." त्याला वाटलं, बाईंवरही छाप पडली. रेथा पेनाचं टोपण लावत होती.

तो विषय नोव्हेंबरात आला. बाईंनी सांगितलं : जमातीची सामायिक जमीन सरकारने तोडून माणशी वाटली, तान्ह्या पोरांनासुद्धा. मग तेल लागलं. कोर्टाने त्या पोरांवर गोरे पालक नेमले, कित्येकदा आईबाप जिवंत असताना. एकेका पालकाकडे डझनभर पोरं. भाडेपट्टे, विक्री, मेहनताना, सगळं पालकाच्या हातात. पोरं मोठी झाली तेव्हा हाती काही उरलेलं नव्हतं. काही तर मोठी झालीच नाहीत.

व्हर्लिनची कानशिलं तापली. वर्गात कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. आजोबांचं दगडी व्हरांड्याचं घर त्याच्या डोळ्यांपुढे आलं. भिंतीवर सगळ्या घराण्याचे फोटो होते. त्या तिघांचा एकही नव्हता. त्यांची नावंसुद्धा त्याला ठाऊक नव्हती. आयुष्यभर गोष्ट सांगितली, पण नावं कधी विचारली नव्हती.

पुढचे काही तास तो वर्गाला गेलाच नाही. कंबर धरली म्हणाला.

"कंबर धरलीय, मग परसात कुदळ कोण चालवतंय?" ग्लेंडाने विचारलं. तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"पण यात तू काय केलंस?"

"मी टाळ्या घेतल्या, ग्लेंडा."

एका सकाळी बिस्किटांची पिशवी घेऊन तो कॉलेजच्या आवारात रेथाच्या गाडीपाशी उभा राहिला. "रेथा, मला तुझी माफी मागायचीय."

"माझी कशाला? माझ्या आजोबांचा पालक दुसराच होता." ती कोरडं हसली. "मी 'जाऊ द्या' म्हणावं, असंच ना? आज माझी शरीरशास्त्राची परीक्षा आहे, मिस्टर व्हर्लिन. तुमचं मन हलकं करत बसायला मला सवड नाही." दोन पावलं गेली आणि वळली. "नावं काय होती त्या पोरांची?"

पिशवी तशीच हातात राहिली.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळं घराणं थोरल्या बहिणीकडे, नेडीनकडे जमलं. टर्की कापून झाली तशी नात म्हणाली, "आजोबा, एझ्रा खापरपणजोबांची गोष्ट!" दरवर्षी तोच सांगायचा. आता बोलायचं, असं त्याने घरून ठरवून आणलं होतं. सगळ्यांची हसरी तोंडं पाहिली आणि तो म्हणाला, "घसा बसलाय गं." मग नेडीननेच सांगितली, त्याच्याहून रंगवून. तो पेकनच्या गोड पाईच्या तुकड्यात काटा खुपसत राहिला. समोरून ग्लेंडा बघत होती. त्याने मान वर केली नाही.

जेवणानंतर बहीण भांडी घासत होती, तो पुसत होता. हळूच विचारलं, "नेडीन, त्या पोरांची नावं काय गं?"

"थोरला लुई. मधली सिसी. धाकट्याला आजी नुसतं 'बाळ' म्हणायची. त्यांची आई यायची म्हणे फाटकापाशी, तीच हाका मारायची नावानं."

त्याने हातातली ताटली खाली ठेवली. "आई? अनाथ होती ना ती?"

"कोर्टाच्या हिशेबी अनाथ. आजी तिला मक्याचा पाव द्यायची आणि परत पाठवायची. आपले लोक मनाचे मोठे रे." नेडीनने नळ बंद केला. "ती ताटली नीट पूस, पाणी राहिलंय बघ."

पुढच्या तासाला व्हर्लिन वर्गात गेला. हात वर न करताच उभा राहिला. "मी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. पोरं अनाथ नव्हती. थोरला लुई, मधली सिसी. धाकट्याचं नाव मला मिळालं नाही. त्यांची आई फाटकाबाहेर उभी असायची आणि आम्ही आत होतो. परवा घरच्यांसमोर हे बोलायला हवं होतं, तिथे माझी हिंमत झाली नाही." तो बसला. टाळ्या पडल्या नाहीत. रेथाने त्याच्याकडे पाहिलं.

ख्रिसमसच्या आधी त्याने घरच्या सगळ्यांसमोर नेडीनला हेच सांगितलं. "मेलेल्या माणसावर थुंकायला गेलास का कॉलेजात?" ती कडाडली. तेव्हापासून ती त्याचा फोन घेत नाही. नात मात्र विचारत राहिली, बाळाचं पुढे काय झालं? "माहीत नाही," एवढंच तो सांगू शकला, आणि तिच्याकडे बघून सांगणं त्याला जड गेलं.

परीक्षेत तो बऱ्या मार्कांनी पास झाला. वसंताच्या सत्रात त्याने इतिहासाचा पुढचा भाग घेतला. रेथाही होती, आता दोन बाकं सोडून बसायची. भेटली की 'हॅलो' म्हणायची. बिस्किटं त्याने पुन्हा कधी नेली नाहीत.